काटा नसताना आलेलं अवधाण: लिम्फोमा समजून घेताना

लहानपणी अनवाणी भटकून पायात काटा मोडला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जांघेत गाठ यायची. चालताना कपडा घासला तरी कळ जायची. आजी बोटांनी चाचपून म्हणायची, "अवधाण आलंय गं. काटा आत राहिलाय, तो निघाला की उतरेल." आणि खरंच, सुईने काटा काढला, दोन दिवस शेकलं की गाठ जिरून जायची. हाताला गळू झालं तर काखेत, दाढ दुखली तर जबड्याखाली. जखम एकीकडे आणि गाठ भलतीकडे, हे आजीला शाळेची पायरी न चढता ठाऊक होतं.

काटा नसताना येणारं, न दुखणारं आणि न उतरणारं अवधाण मात्र वेगळं. दर वेळी तो कॅन्सरच असतो असं मुळीच नाही, बहुतेक वेळा नसतोच. पण असला तर त्यातला एक मोठा प्रकार म्हणजे लिम्फोमा, आणि तो ओळखण्यात आपल्याकडे जे महिने वाया जातात ते मी घरात पाहिलेत. म्हणून हे सगळं एकदा नीट मांडावंसं वाटलं.

गाठीत असतं तरी काय?

रक्त बारीक केशवाहिन्यांतून जाताना त्यातलं थोडं पाणी आजूबाजूच्या पेशींमध्ये झिरपतं. ते सगळं परत रक्तात जात नाही. उरलेलं गोळा करून आणायला शरीरात नळ्यांचं वेगळंच जाळं आहे. त्यातून वाहणाऱ्या द्रवाला लसिका म्हणतात. या जाळ्याला हृदयासारखा पंप नाही. आपण चालतो, श्वास घेतो, स्नायू आवळतात, तशी लसिका पुढे सरकते आणि शेवटी मानेच्या मुळाशी, कॉलरबोनच्या मागे, पुन्हा रक्तात मिसळते.

या वाटेवर जागोजागी घेवड्याच्या दाण्यासारख्या छोट्या ग्रंथी असतात. पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाका असायचा, प्रत्येक ट्रक थांबवून ताडपत्री उचलून आत बघायचे, तसं काम या ग्रंथी करतात. पायात काटा रुतला, त्यासोबत जंतू आत गेले, की ते लसिकेबरोबर जांघेतल्या नाक्यावर येतात. तिथे पांढऱ्या पेशी त्यांना ओळखतात आणि भराभर स्वतःची संख्या वाढवतात. ग्रंथी फुगते, दुखते. तेच अवधाण. शरीरात अशा पाच-सहाशे ग्रंथी आहेत. मान, काख आणि जांघेतल्या हाताला लागतात, पण कितीतरी छातीत आणि पोटात खोलवर असतात. टॉन्सिल आणि प्लीहा, म्हणजे आपली पांथरी, याच कुटुंबातल्या.

ग्रंथीत काम करणाऱ्या पांढऱ्या पेशींना लिम्फोसाइट म्हणतात. यांचाच कॅन्सर म्हणजे लिम्फोमा. त्यांत दोन मोठे गट: बी पेशी आणि टी पेशी. बी पेशी जंतूंना चिकटणारी प्रथिनं, म्हणजे अँटीबॉडी, तयार करतात. नवा जंतू आला की ग्रंथीच्या आत बी पेशींची अक्षरशः तालीम सुरू होते. अधिक घट्ट चिकटणारी अँटीबॉडी जमावी म्हणून या पेशी स्वतःच्याच जनुकांत मुद्दाम बदल करून बघतात. बदल जमला ती पेशी टिकते, फसला ती मरते. शरीरातल्या इतर पेशी आपल्या जनुकांना जिवापाड जपतात, आणि इथे रोज खाडाखोड चालते. आपण आजारांतून उठतो त्यात या खाडाखोडीचाही वाटा असतो. पण कधीतरी चुकीच्या ओळीवर काट बसते. लिम्फोमांपैकी बहुतेक बी पेशींचेच असतात, टी पेशींचे थोडे, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

चूक दोन प्रकारची होऊ शकते. एक, पेशी थांबायचं विसरते आणि सारखी दुभागत राहते. बर्किट लिम्फोमा हा याचा टोकाचा नमुना. डेनिस बर्किट नावाच्या शल्यचिकित्सकाने १९५८ मध्ये युगांडातल्या लहान मुलांच्या जबड्यांवरच्या गाठींचं वर्णन केलं. या गाठी एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकतात. दुसरी चूक जास्त गुपचूप होते: पेशी मरायचं विसरते. वेळ झाली की जुन्या पेशीने स्वतःहून संपायचं असतं, पण फॉलिक्युलर लिम्फोमात मरण अडवणारं जनुक कायमचं चालू राहतं. गर्दी हळूहळू वाढत जाते, वर्षानुवर्षं.

इथे एक गल्लत दूर करते, कारण ती सतत कानावर येते. तंबाखू-मावा खाणाऱ्याच्या तोंडात कॅन्सर झाला आणि तो मानेच्या ग्रंथींत उतरला, तर तो लिम्फोमा नव्हे. तो तोंडाचाच कॅन्सर, नाक्यावर येऊन अडकलेला. स्तनाचा कॅन्सर काखेतल्या ग्रंथीत जातो तेव्हाही तसंच. लिम्फोमात नाक्यावरचा पहारेकरीच बिघडलेला असतो. दोन्हींत गाठ मानेलाच दिसेल, पण औषधं पूर्ण वेगळी.

गंडमाळा की आणखी काही?

माझा मावसभाऊ तेव्हा २४ वर्षांचा होता. दाढी करताना आरशात त्याला डाव्या कॉलरबोनच्या वर फुगवटा दिसला. दाबला तर दुखत नव्हता. दुखत नाही म्हणून घरात कुणी मनावर घेतलं नाही. मावशीने चार दिवस हळद-चुन्याचा लेप लावला. महिन्याभराने एका डॉक्टरांनी सुई घालून थोडा द्रव तपासला, रिपोर्ट गुळमुळीत आला, आणि गंडमाळा असावी म्हणून टीबीची औषधं सुरू झाली.

गंडमाळा म्हणजे मानेच्या ग्रंथींचा क्षयरोग. आपल्या देशात क्षय इतका आहे की तरुण मुलाच्या मानेवरची गाठ बघून डॉक्टरांच्या मनात आधी तो येणं साहजिक आहे, आणि बऱ्याचदा तो अंदाज बरोबरही ठरतो. त्यातून दोन्ही आजारांचं रूप सारखं: संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, उतरतं वजन. मावसभावाची लघवी गोळ्यांनी नारिंगी व्हायची, तो नियमाने गोळ्या घ्यायचा, आणि आम्ही वाट बघत होतो. चौथ्या महिन्यात गाठीच्या शेजारी आणखी दोन गाठी आल्या. रात्री गंजी पिळून निघेल असा घाम. पोटऱ्या खाजवून खाजवून रक्ताळल्या. पट्ट्याला त्याने खिळ्याने नवं भोक पाडलं, ते मावशीने बघितलं आणि मग मात्र ती हटून बसली. दुसऱ्या सर्जननी एक गाठ अख्खी काढून तपासायला पाठवली. हॉजकिन लिम्फोमा.

सुईच्या तपासणीत तो का सापडला नाही, हे मला फार उशिरा समजलं. हॉजकिन लिम्फोमाच्या गाठीत खरी कॅन्सरची पेशी शेकड्यात एखादी असते. बाकी सगळा जमाव तिने आजूबाजूला गोळा केलेल्या साध्या पेशींचा. बारीक सुईत आली ती ही गर्दी, मुख्य आरोपी हाती लागलाच नाही. काही वेळा तर या गाठीत क्षयासारखे दिसणारे पेशींचे पुंजकेही असतात, म्हणजे चकवा पुरा. शिवाय लिम्फोमाचा प्रकार ठरवायला पेशी नुसती दिसून भागत नाही, ती ग्रंथीत कशी मांडलेली आहे तेही बघावं लागतं. चार शितं उचलून भाताची परीक्षा होते, ग्रंथीची होत नाही. म्हणून लिम्फोमाचा संशय असेल तर अख्खी गाठ काढणं उत्तम. ती खोलवर असेल तर जाड सुईने तुकडा घेतात.

तेव्हा मनाशी पक्कं धरावं ते असं. गाठ तीन-चार आठवड्यांत उतरली नाही, किंवा वाढत चालली, तर दाखवायची. कॉलरबोनच्या वर गाठ हाताला लागली तर तेवढीही वाट बघायची नाही. जंतुसंसर्गाची गाठ मऊ आणि दुखरी असते, क्षयाच्या गाठी एकमेकींना चिकटून पुंजका होतो आणि कधी फुटून वाहतात, लिम्फोमाची गाठ खोडरबरासारखी लागते, दुसरीकडून पसरून आलेल्या कॅन्सरची दगडासारखी. पण हे बोटांचे अंदाज, त्यांच्यावर सहा महिन्यांचे उपचार ठरवू नयेत. टीबीची औषधं सुरू करायची तर क्षयाचा जंतू तपासणीत शोधा, निदान गाठीचा तुकडा तपासा, असं डॉक्टरांना विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही. गाठीवर बिब्बा घालणं, डाग देणं, चोळणं, हे मात्र अजिबात नको.

एक गोष्ट डॉक्टरांकडूनही कधी निसटते. बायोप्सीच्या, म्हणजे गाठ किंवा तिचा तुकडा काढून तपासण्याच्या, आधी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या तर लिम्फोमाची गाठ काही दिवसांत आक्रसते. घरच्यांना वाटतं गुण आला. प्रत्यक्षात पुरावा पुसला जातो आणि नंतर काढलेल्या गाठीत निदानच लागत नाही. म्हणून आधी बायोप्सी, स्टेरॉइड नंतर. जीव धोक्यात असला तरच अपवाद.

मेणाचा ठोकळा

काढलेली गाठ फॉर्मेलिनमध्ये ठेवतात, मग मेणात बसवतात. त्या मेणाच्या ठोकळ्याला सगळे नुसतं ब्लॉक म्हणतात. आगपेटीच्या निम्म्या आकाराचा, प्लास्टिकच्या जाळीवर चिकटवलेला, आत करड्या रंगाचा ठिपका. केसापेक्षाही पातळ काप काढून त्याच्या काचपट्ट्या बनतात. मुंबईला परळच्या कॅन्सर रुग्णालयात जाताना मावशीने तो ब्लॉक रुमालात गुंडाळून पर्समध्ये धरला होता. मे महिना होता, मेण वितळेल या धास्तीने तिने सोलापूरपासून ती पर्स मांडीवरून खाली ठेवली नाही. तिची काळजी योग्यच होती. रिपोर्टचा कागद पुन्हा छापून मिळतो, ब्लॉक एकच असतो. तो आणि काचपट्ट्या रुग्णाला मागून घेता येतात, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला, म्हणजे पेशी तपासणाऱ्या डॉक्टरला, दाखवता येतात, आणि लिम्फोमात हे दुसरं मत जरूर घ्यावं. ८०हून जास्त प्रकार आहेत, सगळीकडचे पॅथॉलॉजिस्ट रोज ते बघत नाहीत.

ब्लॉकवर आयएचसी नावाची तपासणी होते. पेशीच्या अंगावरच्या विशिष्ट खुणा रंगवून बघायच्या. सीडी २० ही खूण रंगली तर पेशी बी गटातली, सीडी ३ रंगली तर टी गटातली, असं एकेक करत प्रकार निश्चित होतो. यात आठवडा-दहा दिवस जातात आणि घरच्यांचा धीर सुटतो, पण हा उशीर गैर नाही. पुढचं सगळं या कागदावर उभं राहतं.

हॉजकिन हे नाव थॉमस हॉजकिन या लंडनमधल्या डॉक्टरचं. त्याने १८३२ मध्ये, ग्रंथी आणि प्लीहा वाढून दगावलेल्या काही रुग्णांचं वर्णन लिहिलं. ती नेमकी पेशी पुढे १८९८ मध्ये कार्ल स्टर्नबर्ग आणि १९०२ मध्ये डोरोथी रीड यांनी ओळखली. सूक्ष्मदर्शकाखाली दोन मोठी केंद्रकं शेजारी शेजारी, प्रत्येकात गडद ठिपका, थेट घुबडाचे डोळे. ही पेशी असलेले ते हॉजकिन, बाकी सगळे नॉन-हॉजकिन. नॉन-हॉजकिन हा एक आजार नाही, मोठी पिशवी आहे, आणि दहातले नऊ लिम्फोमा त्याच पिशवीतले. त्यात सर्वांत जास्त आढळतो तो डिफ्यूज लार्ज बी सेल लिम्फोमा, सगळे त्याला डीएलबीसीएल म्हणतात.

या आजाराचा एक उलटा न्याय आहे. जोरात वाढणारे लिम्फोमा बरे होण्याची शक्यता जास्त, कारण बहुतेक केमोची औषधं दुभागणाऱ्या पेशीला गाठतात. संथ वाढणारे सहसा पुरते नाहीसे होत नाहीत, पण माणूस त्यांच्यासोबत दहा-वीस वर्षं नोकरी-संसार करत जगतो. संथ प्रकारात त्रास नसेल तर डॉक्टर औषधच देत नाहीत, तीन-चार महिन्यांनी बोलावून नुसतं तपासतात. "कॅन्सर आहे म्हणता आणि नुसतं बघत बसायचं?" हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. मलाही तो आधी हलगर्जीपणा वाटला होता. पण त्रास नसताना लवकर केमो दिल्याने आयुष्य वाढत नाही, हे अनेक वर्षांच्या अभ्यासांतून दिसलंय. पुढे गरज पडेल तेव्हा औषधं आहेतच.

आणखी एक प्रकार सांगितल्याशिवाय राहवत नाही. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू जठरात ठाण मांडून बसला की तिथे एक संथ लिम्फोमा उद्भवू शकतो. सुरुवातीलाच सापडला, तर जंतू मारणाऱ्या अँटिबायोटिकनेच तो बहुतेकांमध्ये विरतो. कॅन्सर, आणि दोन आठवड्यांच्या गोळ्या!

स्टेज चार म्हणजे शेवट नव्हे

बायोप्सीनंतर पेट स्कॅन होतो. किरणोत्सारी खूण लावलेली साखर शिरेतून देतात. भुकेल्या पेशी ती जास्त खातात आणि चित्रात चमकतात. मेंदू आणि मूत्राशय सगळ्यांचेच चमकतात, त्याने घाबरू नये. एकाच भागातल्या ग्रंथी असतील तर पहिली स्टेज. छाती-पोटाच्या मधल्या श्वासपटलाच्या एकाच बाजूला दोन किंवा जास्त ठिकाणी असतील तर दुसरी, दोन्ही बाजूंना असतील तर तिसरी, आणि अस्थिमज्जा, यकृत, फुप्फुस अशा अवयवांत पसरला असेल तर चौथी. ताप, रात्रीचा भिजवणारा घाम आणि सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वजन उतरणं, यांपैकी काही असेल तर स्टेजपुढे बी हे इंग्रजी अक्षर लिहितात (बी पेशींशी त्याचा संबंध नाही).

फुप्फुसाच्या किंवा जठराच्या कॅन्सरमुळे चौथी स्टेज म्हटलं की आपण आशाच सोडतो. लिम्फोसाइटचं कामच शरीरभर फिरणं, त्यामुळे तिचा कॅन्सर अनेक ठिकाणी सापडणं हे तितकं अघटित नाही. सुरुवातीच्या स्टेजचा हॉजकिन दहांपैकी नऊच्या आसपास रुग्णांत पूर्ण बरा होतो, पुढच्या स्टेजमध्येही दहांपैकी सात-आठ बरे होतात. डीएलबीसीएल पहिल्याच उपचारात साधारण दहांपैकी सहांचा कायमचा जातो. अर्थात पुरे उपचार वेळेवर मिळाले तर. नातेवाईक रुग्णापासून स्टेज लपवतात, कुजबुजतात, ते त्या जुन्या भीतीपोटी. मावसभावाची स्टेज चौथी होती.

औषधं

केमोथेरपीची सुरुवातच लिम्फोमापासून झाली. युद्धातल्या मस्टर्ड वायूने पांढऱ्या पेशी नष्ट होतात हे लक्षात आल्यावर १९४२ मध्ये अमेरिकेतल्या येल इथे त्याच्या भाऊबंद औषधाचं इंजेक्शन लिम्फोमाच्या रुग्णाला दिलं गेलं. गाठी काही दिवसांत वितळल्या, मग परत आल्या. पण औषधाने कॅन्सर हटतो हे जगाला कळलं. १९७० च्या दशकात मिलानमध्ये चार औषधांची एबीव्हीडी जुळणी तयार झाली. हॉजकिनसाठी ती आजही वापरतात, दर पंधरा दिवसांनी. दोन सायकलनंतर, म्हणजे औषधांच्या दोन पूर्ण फेऱ्यांनंतर, पेट स्कॅन करून पुढचं ठरवतात. डीएलबीसीएलसाठी चॉप ही जुळणी होती. १९९७ मध्ये रिटक्सिमॅब हे औषध मंजूर झालं. तेही एक अँटीबॉडीच, सीडी २० ही खूण शोधून बी पेशींना चिकटणारी. चॉपला ते जोडून आर-चॉप झालं आणि बरे होणाऱ्यांची संख्या ठळकपणे वाढली. २००७ मध्ये रिटक्सिमॅबची भारतीय कंपनीने बनवलेली आवृत्ती आली, नाहीतर ते आपल्या आवाक्याबाहेरच राहिलं असतं.

दोन्ही जुळण्यांत एक लालभडक औषध असतं, डॉक्सोरुबिसिन. वॉर्डात त्याला लाल औषधच म्हणतात. त्याने लघवी एक-दोन दिवस लालसर होते, केस जातात, आणि हृदयावर ताण येऊ शकतो म्हणून आधी टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात. रिटक्सिमॅबआधी हिपॅटायटिस बीची रक्ततपासणी झालीच पाहिजे, कारण दबलेला विषाणू त्याने उसळून उठतो. आणि तरुण रुग्ण असेल तर पहिल्या सलाइनच्या आधी शुक्राणू किंवा बीजांड गोठवून ठेवण्याचा विषय काढावा. आपल्या घरांत हा विषय बापासमोर निघत नाही. मावसभावाने मला बाहेर बाकावर बोलावून विचारलं होतं, मग मीच डॉक्टरांशी बोलले.

केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर ती तातडीची वेळ. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, साधा जंतूही काही तासांत रक्तात पसरतो. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोनला असला तरी दवाखाना गाठायचा. घरात एक थर्मामीटर उशाशी असावा.

आजार उलटला तर जोरदार केमो देऊन स्वतःच्याच मूळपेशी परत देण्याचा उपाय आहे, आणि आता कार-टी पेशींचा. रुग्णाच्या टी पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना बी पेशीवरची सीडी १९ ही खूण ओळखायला शिकवायचं आणि परत शरीरात सोडायच्या. पवईची आयआयटी मुंबई आणि परळचं टाटा मेमोरियल सेंटर यांनी मिळून हे तंत्र इथे उभं केलं. नेक्सकार १९ या नावाने त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी पवईत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ते देशाला अर्पण झालं. परदेशातल्या किमतीच्या साधारण दहाव्या हिश्शात ते मिळतं. तरीही लाखांचा खर्च आहे, सगळ्यांना पेलणारा नाही, पण पवई ते परळ एवढ्या अंतरात हे घडलं याचा मला मनापासून अभिमान वाटतो. नेहमीच्या केमोसाठी महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मदत मिळते. पहिल्याच भेटीत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेच्या मदतनिसाला, गाठावं, रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवून.

उपचार संपल्यावर पहिली दोन वर्षं जास्त जपायची, कारण आजार परतायचा तर बहुधा तेव्हाच परततो. नंतर तपासण्यांतलं अंतर वाढत जातं. छातीवर किंवा मानेवर शेक, म्हणजे रेडिएशन, दिलं असेल तर थायरॉइड दर वर्षी बघायचं, आणि लाल औषध घेतलेल्याने हृदयाची तपासणी अधूनमधून करत राहायची. मावसभाऊ आता सहा वर्षांनंतर वर्षातून एकदा परळला जातो. ब्लॉक मावशीकडेच आहे, कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी, त्याच रुमालात.